कखडीचे शेत: गौतमीपुत्र सातकर्णीच्या एका फसलेल्या दानाचे प्रकरण

प्रकरण थोडक्यात

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आपल्याला भेटतो तो एका ओळीत: शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो. ही ओळ त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, लेखातली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत ३ क्रमांकाच्या लेण्यात तो कोरलेला आहे. त्याच लेण्याच्या व्हरांड्यात आणखी दोन लेख आहेत, त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. त्यांत समुद्र नाहीत आणि घोडेही नाहीत. एका शेताचा व्यवहार आहे.

राजवटीच्या १८व्या वर्षी राजाने या डोंगरावरच्या भिक्षूंना २०० निवर्तने (निवर्तन हे तेव्हाचे जमीन मोजायचे माप) जमीन दिली. २४व्या वर्षी त्याच राजाने, आईच्या नावासह, दुसरा आदेश काढला. त्यात लिहिले आहे की दिलेले शेत कोणी कसत नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून आता दुसरीकडची १०० निवर्तने देत आहोत.

मुलूख जिंकल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारभार कुठे बसतो आणि कुठे घसरतो, हे तारखेनिशी आणि अधिकाऱ्यांच्या नावांनिशी दाखवणारी प्राचीन भारतातली कागदपत्रे विरळा. इथे तर ती दगडात आहेत.

पार्श्वभूमी

गौतमीपुत्राच्या नेमक्या सालांवर अभ्यासकांचे एकमत नाही, इ.स.चे पहिले शतक संपता संपता ते दुसऱ्याच्या पूर्वार्धापर्यंत त्याला ठेवले जाते. त्याच्या आधी नाशिक, मावळ आणि कोकणपट्टीवर क्षहरात या शक कुळातल्या नहपानाचा अंमल होता. दख्खनमध्ये त्याचा सगळ्यात ठळक माणूस म्हणजे त्याचा जावई, दीनिकाचा मुलगा उषवदात.

भांडण कशावरून होते हे नकाशा पाहिला की कळते. सोपारा आणि कल्याण ही बंदरे, तिथून सह्याद्री चढून येणारे घाट, वर नाशिक आणि पुढे पैठण. त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या एका समुद्रमार्गदर्शिकेत नोंद आहे की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर चालू ठेवायचे की बंद पाडायचे, याचा निर्णय दुसऱ्याच्या हाती गेला होता. सातवाहनांच्या दृष्टीने हा गळ्याभोवतीचा फास होता.

उषवदाताला केवळ परका आक्रमक म्हणून बाजूला सारले तर हे प्रकरण समजत नाही. त्याने नाशिकमध्ये जो जम बसवला होता तो तलवारीइतकाच दानधर्मावर उभा होता. पांडवलेण्यांतले १० क्रमांकाचे लेणे त्याचे. त्यातल्या लेखात त्याने केलेल्या व्यवस्थेचा हिशोब दिला आहे आणि तो आजच्या कोणत्याही विश्वस्त निधीला शोभेल असा आहे. एकूण ३००० कार्षापणे, म्हणजे तेव्हाची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने; १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापणे. आता गुणाकार करून पाहा: २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० भिक्षू गुणिले १२, तेही २४०. एक नाणे इकडे नाही की तिकडे नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला होता. भिक्षूंच्या जेवणासाठी त्याने वेगळे शेत घेतले, तेही अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणे मोजून, शहराच्या वेशीला वायव्येकडे लागून असलेले.

हे लक्षात ठेवायचे, कारण पुढचा राजा याच माणसाची जागा घ्यायला आला.

क्षहरातांचा पाडाव झाला तो गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाच्या आसपास. बलश्रीच्या लेखात, म्हणजे गौतमीपुत्राच्या प्रशस्तीत, त्यासाठी शब्द आहेत ‘खखरातवस निरवसेस कर’, म्हणजे क्षहरात वंश नि:शेष करणारा. नाण्यांनी याची साक्ष दिली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारलेले. नाणी वितळवली नाहीत. त्याच चांदीवर, जुन्या चेहऱ्यावरच नवा छाप दिला आणि चलन चालू ठेवले. हा शहाणपणाचा निर्णय होता. बाजाराला धक्का बसला नाही आणि सत्ता कोणाची हे प्रत्येकाच्या हातात पोहोचले.

जमिनीच्या बाबतीतही त्याने अगदी हेच करायचे ठरवले. अडचण तिथून सुरू झाली.

पहिला निर्णय: वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस

आदेश निघाला विजयी सेनेच्या तळावरून. लेखातला शब्द ‘विजयखधावार’ असा आहे, आणि त्याला जोडलेले ‘वेजयंती’ हे त्या सेनेचे विशेषण की दक्षिणेतल्या बनवासीचे नाव, यावर वाद आहेत. काहीही असले तरी राजा दरबारात बसलेला नव्हता, मोहिमेवर होता.

आदेश गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आहे. आजही नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीकाठी गोवर्धन नावाचे गाव आहे. तेव्हा ते एका आहाराचे, म्हणजे जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण होते. मजकूर असा: पश्चिम कखडी गावातले अजकालकिय नावाचे शेत, जे आजवर उषवदाताच्या भोगवट्यात होते, ते २०० निवर्तनांचे आपले शेत आम्ही त्रिरश्मीच्या, म्हणजे याच पांडवलेण्यांच्या डोंगरावरच्या, प्रव्रजितांना (भिक्षूंना) देत आहोत. त्यापाठोपाठ सवलतींची यादी येते: ‘अपावेसं अनोमसं अलोणखादकं अरठसविनयिकं’. राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी लुडबुड करू नये. शेवटी: हे शेत आणि या सवलती इथे नोंदवून घे. आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताने लिहून घेतली, दस्त तापसाने केला.

दस्त म्हणून हा आदेश चोख आहे. जमिनीचे वर्णन, आधीचा भोगवटादार, क्षेत्र, सवलती, नोंदणी, लेखक, तारीख, सगळे जागच्या जागी. फक्त एक गोष्ट त्यात नाही. ते शेत कोण कसतो?

इथे थोडे थांबायला हवे. बौद्ध विनयाच्या नियमांनुसार भिक्षूने जमीन खणणे किंवा दुसऱ्याकडून खणवून घेणे हा दोष आहे. संघाला शेत मिळाले म्हणजे भिक्षू नांगर धरणार, असा अर्थ नाही. कोणी तरी कुळ, कोणी तरी गावकरी ते कसणार आणि ठरलेला वाटा संघाला पोहोचवणार. त्यामुळे माणसांविना दिलेले शेत संघाच्या काहीच उपयोगाचे नाही. सातबाऱ्यावर नाव लागावे आणि शिवारात नांगर लागू नये, तसा प्रकार.

त्या क्षणी समोर असलेले पर्याय

राजाने हे पर्याय एका पटलावर मांडून तोलले, असे कुठे लिहिलेले नाही. पण ते त्याच्या हाताशी होते हे त्या काळचेच लेख सांगतात.

सगळ्यात सोपा मार्ग होता तो चालू व्यवस्थेला आपले नाव देण्याचा. मावळात हेच झाले. कार्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या वलुरकच्या, भिक्षूंना उषवदाताने करजिक नावाचे गाव दिले होते. सत्ताबदलानंतर मामलच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला आदेश गेला की करजक गाव वलुरकच्या भिक्षूंना द्यावे. कार्ल्याच्या त्या लेखात राजाचे नाव झिजून गेले आहे, पण तो गौतमीपुत्राचाच मानला जातो. गाव तेच, घेणारे तेच, देणाऱ्याचे नाव बदलले. नाण्यांवर नवा ठसा मारण्यासारखीच ही कृती आणि ती बसली, कारण खाली गाव जिवंत होते, कुळे होती, वाटा आधीपासून लेण्यात पोहोचत होता.

दुसरा मार्ग रोख रकमेचा. श्रेणींकडे मुद्दल ठेवायचे आणि व्याज संघाला. गोवर्धनात तशी व्यवस्था आधीच चालत होती, लेखी होती. पण मोठी मोहीम आटोपती घेणाऱ्या राजाकडे रोकड किती सैल असेल याचा विचार केला, तर शत्रूची जप्त केलेली जमीन देणे त्याला सोपे वाटले असणार. जप्त जमीन फुकट असते. निदान कागदावर तरी.

तिसरा मार्ग वेशीजवळची जमीन देण्याचा. उषवदाताने पैसे मोजून नेमके तेच केले होते. वेशीजवळचे शेत म्हणजे मजूर हाताशी, धान्य डोंगरापर्यंत न्यायला सोपे, आणि पडीक राहिले तर येता-जाता दिसते.

गौतमीपुत्राने यांतले काही न करता उषवदाताच्या खाजगी भोगवट्यातले शेत उचलून दिले. माझ्या मते या निवडीत राजकीय हिशोब शेतीच्या हिशोबाच्या वरचढ ठरला. शत्रूच्या जावयाचे शेत त्याच डोंगरावरच्या भिक्षूंना, जिथे त्या जावयाचे स्वतःचे लेणे उभे आहे. याहून स्पष्ट घोषणा कोणती? शिवाय स्वतःला ‘एकबम्हण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण म्हणवून घेणाऱ्या घराण्याने बौद्ध संघाला आधीच्या राजवटीइतकाच, किंबहुना जास्त, हात दिला हे गावोगावच्या व्यापाऱ्यांना दिसणे गरजेचे होते. लेण्यांना दान देणारे तेच होते, घाटातून माल नेणारेही तेच.

घोषणा म्हणून निर्णय अचूक होता. उत्पन्नाचे साधन म्हणून तो तपासलाच गेला नाही.

अडचण कशी वाढली

यानंतर सहा वर्षे गेली. २४व्या वर्षाच्या आदेशात राजा स्वतः म्हणतो: ‘तं च खेतं न कसते सो च गामो न वसति’. शेत कसत नाही, गाव वसत नाही. हे प्राकृत वाचायला मराठी माणसाला पंडित लागत नाही.

गाव का उठले, याबद्दल आदेश काही बोलत नाही. पण लढाई ज्या पट्ट्यात झाली त्याच पट्ट्यात, पराभूत पक्षाच्या सर्वात मोठ्या माणसाचे शेत असलेले गाव. त्याचे आश्रित आणि त्याची कुळे त्याच्या पाठोपाठ पांगली असतील, हा तर्क वावगा नाही. खरे तर १८व्या वर्षी दान दिले तेव्हाच ते शेत मोकळे पडलेले असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मोहिमेच्या तळावर बसलेल्या राजापुढे जप्त मालमत्तेची यादी आली असेल. यादीत क्षेत्र होते, माणसे नव्हती.

आणि इथे त्या चोख सवलतींचीच उलटी बाजू पुढे येते. राजाच्या अधिकाऱ्याने शेतात पाऊल टाकायचे नाही, हात लावायचा नाही, जिल्ह्याच्या अंमलदाराने लक्ष घालायचे नाही. संघाला जाचापासून वाचवणारी ही भिंत सरकारी नजरही बाहेर ठेवते. करपात्र शेत पडीक राहिले असते तर पहिल्याच सुगीला महसूल बुडाला म्हणून अमात्याच्या दप्तरात ओरड झाली असती. करमुक्त शेत पडीक राहिले तर सरकारचे काहीच बुडत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. बुडते ते भिक्षूंचे, आणि त्यांना दाद मागायला थेट वरच जावे लागते.

आणखी एक बाब. १८व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित होता, २४व्या वर्षी श्यामक आहे. ज्याने नोंद केली तो गेला आणि ज्याच्या काळात तक्रार पिकली त्याला मूळ व्यवहाराची माहिती नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जुने प्रकरण येते तेव्हा काय होते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा निर्णय: वर्ष २४

हा आदेश पहिल्यापेक्षा वेगळ्या आवाजात आहे. राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि राजमाता महादेवी, ‘जीवसुता’, म्हणजे जिचा पुत्र हयात आहे ती, या दोघांच्या वतीने तो निघाला. अमात्य श्यामकाला आधी कुशल विचारावे आणि मग असे सांगावे, असा त्याचा घाट. तळावरची लष्करी करडी भाषा गेली आहे.

राजमातेचे नाव इथे का, यावर पूर्वी बरेच लिहिले गेले. राजा आजारी होता, आई संयुक्तपणे राज्य करत होती, वगैरे. मला साधे कारण पुरेसे वाटते. या आदेशात ज्या लेण्यात भिक्षू राहतात ते ‘आमचे धर्मदान’ असे म्हटले आहे, आणि पुढे हेच लेणे बलश्रीच्या नावाने दान झाले. डोंगरावरच्या कामात तिचे लक्ष होते. भिक्षूंची कैफियत राजापर्यंत पोहोचली असेल तर ती बहुधा तिच्याच दारातून. आदेश लिहून घेणारी व्यक्तीही राजवाड्याच्या आतली: प्रतिहाररक्षी लोटा, द्वाररक्षक स्त्री. पहिला आदेश अमात्याने टिपला, दुसरा अंत:पुराच्या उंबऱ्यावर टिपला गेला. तक्रार कोणत्या वाटेने गेली आणि निवाडा कोणत्या वाटेने आला, याचा हा चांगला माग आहे.

निवाडा असा: शहराच्या हद्दीवर जे आमचे राजकीय शेत आहे, त्यातली १०० निवर्तने त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावी, त्याच सवलतींसह, आणि नोंद करावी.

क्षेत्र निम्मे झाले, हे पहिल्यांदा डोळ्यांत भरते. पण ही कपात मानायचे कारण नाही. कखडीच्या २०० निवर्तनांचे उत्पन्न शून्य होते. वेशीजवळची राजाची स्वतःची, कसती जमीन निम्मी मिळाली तरी संघाचा फायदाच. शिवाय राजाने या वेळी जप्तीतले काही दिले नाही. आपल्या चालू उत्पन्नातून तुकडा तोडून दिला. पहिल्या दानात त्याच्या खिशाला काहीच लागले नव्हते.

आणि जागा पाहा. शहराची वेस. उषवदाताने ४००० कार्षापणे मोजून जे साधले होते, तिथेच सहा वर्षांनी त्याला हरवणारा राजा येऊन पोहोचला.

दस्तावर दोन तारखा आहेत: उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस १०, आणि पावसाळ्याचा चौथा पंधरवडा, दिवस ५. प्रचलित वाचनानुसार उन्हाळ्यात ताबा दिला गेला आणि पावसाळ्यात लेख झाला. तसे असेल तर कोणी तरी शेतीचा विचार केला होता. चैत्राच्या सुमारास जमीन हाती आली की नांगरट आणि पेरणी त्याच हंगामात होते; दस्ताची वाट पाहत बसले असते तर आणखी एक वर्ष वाया गेले असते. आधी ताबा, मग कागद. पहिल्या खेपेला नेमके उलटे झाले होते: कागद पक्का आणि ताबा पोकळ.

परिणाम

या १०० निवर्तनांबद्दल पुढे पुन्हा तक्रारीचा लेख नाही. पण जमीन देऊन लेण्याचा खर्च भागवण्याचा प्रश्न घराण्याच्या पाठीमागून सुटला नाही.

गौतमीपुत्रानंतर त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आला. त्याच्या १९व्या वर्षी बलश्रीने लेणे भदायनीय पंथाच्या भिक्षूंना अर्पण केले, आणि त्याच वेळी तिच्या मुलाची, गौतमीपुत्राची, ती प्रसिद्ध प्रशस्ती कोरली गेली. नातवाने लेण्याच्या सजावटीसाठी डोंगराच्या नैर्ऋत्येचे पिसाजीपदक गाव दिले. लेण्याच्या देखभालीसाठी गोवर्धन आहारातल्या दक्षिण मार्गावरचे सुदिसण गावही त्याच वर्षीचे. तीनच वर्षांनी, २२व्या वर्षी, पुळुमावीचा अमात्य शिवस्कंदिल याला आदेश: सुदिसणच्या बदल्यात पूर्व मार्गावरचे सामलिपद गाव द्यावे.

पुन्हा अदलाबदल. मात्र दोन फरक आहेत. कखडीला सहा वर्षे लागली, इथे तीन. आणि या आदेशात ‘याच्या बदल्यात ते’ असे स्पष्ट लिहिले आहे. २४व्या वर्षीच्या आदेशात कखडीचे जुने शेत परत राजाकडे आले की संघाकडेच राहिले, याचा खुलासा नाही. पुळुमावीच्या कारकुनांनी ती फट बुजवली. कोणी तरी जुना दस्त काढून वाचला असावा असा मला संशय आहे. तो भिंतीवरच होता, वाचायला दूर जावे लागत नव्हते.

मोठ्या पटावर काय झाले? प्रशस्तीत गौतमीपुत्राच्या मुलुखांची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदर्भ, आकरावंती. शक संवत् ७२, म्हणजे इ.स. १५०च्या सुमाराच्या, जुनागढच्या लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन् आपल्या मुलुखांची यादी देतो, तर त्यात आकरावंती, अनुप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरांत ही नावे पुन्हा दिसतात. दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असेही तो सांगतो. दोन पिढ्यांच्या आत विजयाचा उत्तरेकडचा अर्धा भाग दुसऱ्याच्या प्रशस्तीत गेला. नाशिकचा डोंगर मात्र सातवाहनांच्या काळगणनेत राहिला: यज्ञ सातकर्णीच्या ७व्या वर्षाचा लेख तिथेच आहे.

काय वेगळे करता आले असते

दान देण्याआधी विष्णुपालिताला एकच प्रश्न विचारता आला असता: यंदा तिथे कोणी पेरले का? पावसाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात याचे उत्तर बांधावर उभे राहून मिळते. आदेशाची तारीखच पेरणीच्या दिवसांतली आहे, ही यातली सर्वात खटकणारी बाब.

घोषणा आणि भरणपोषण या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या. उषवदाताचे शेत जाहीरपणे संघाला द्यायचे होते तर जरूर द्यावे. पण भिक्षूंचे जेवण त्यावर टांगून ठेवायला नको होते. एक छोटी रक्कम विणकरांच्या श्रेणीकडे ठेवली असती तर कखडी ओस पडली तरी चीवर थांबले नसते.

गाव पुन्हा वसवणे हा पर्याय कोणी पुढे आणल्याचे दिसत नाही. राजाच्या दृष्टीने तोच सर्वात फायद्याचा होता असे मला वाटते. कुळांना काही वर्षांची सूट देऊन कखडीत बसवले असते तर संघाला वाटा, राजाला शेजारच्या शेतांचा कर, आणि जिंकलेल्या मुलुखात आपली माणसे, तिन्ही साधले असते. अर्थात त्याला वेळ आणि माणसे लागतात, आणि तीन दिशांना लढणाऱ्या राजाकडे यांपैकी काय शिल्लक होते हा प्रश्न आहेच. वेशीजवळची जमीन तोडून देणे हे झटपट उत्तर होते. २४व्या वर्षी झटपट उत्तरच योग्य होते, असेही म्हणता येईल. सहा वर्षे आधीच गेली होती.

सवलतींच्या यादीत एक कलम वाढवायला हवे होते: अमात्याने दर सुगीनंतर शेताची स्थिती पाहावी. शिरू नये, हात लावू नये, पण पाहावे. हे मी आजच्या चष्म्यातून म्हणतो आहे याची जाणीव आहे. त्या काळच्या दानपत्रांचा साचाच ‘बाहेर राहा’ असा होता.

काय चांगले केले, तेही नोंदवले पाहिजे. चूक कळल्यावर तिला वेगळे नाव दिले नाही. ‘आधी दिले होते, ते कसत नाही, गाव वसत नाही’, असे सरळ लिहिले, आणि दोन्ही आदेश एकाखाली एक, एकाच भिंतीवर कोरू दिले. पहिला आदेश गाळून फक्त १०० निवर्तनांचे दान कोरले असते तर आज आपल्याला त्यात त्रुटी दिसलीच नसती. प्रशस्तीत बलश्री म्हणते की तिचा मुलगा नागरिकांच्या सुखदु:खाला आपले मानणारा होता आणि धर्माने मिळवलेल्या कराचाच विनियोग करणारा होता. प्रशस्त्या असेच बोलतात, त्यांवर किती विसंबायचे हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या दाव्यासाठी पुरावा शोधायचा झाला तर तो प्रशस्तीत सापडत नाही, शेजारच्या दोन दस्तांत सापडतो.

त्यानंतर

सातवाहन गेले, नाशिकवर आभीरांचा अंमल आला. राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षाचा एक लेख पांडवलेण्यांतच, उषवदाताच्या लेण्याच्या अंगणात आहे. दान देणारी विष्णुदत्ता ही उपासिका शक कुळातली. ज्या लोकांचा नाश केल्याचा दावा शेजारच्या लेण्यात कोरला आहे, त्यांच्यातलीच एक बाई इथे सुखाने दान देत होती. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने कायमची ठेव ठेवली. ठेव घेणाऱ्यांत पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची श्रेणी होती, तेल्यांची होती. गोवर्धनातल्या श्रेणी, रोख मुद्दल, खर्चायचे फक्त व्याज, म्हणजे नहपानाच्या जावयाचीच पद्धत.